दिसला म्हणा

आमचं लग्न भर दुपारी लागलं. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी कार्यालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर बोट रोखलं आणि म्हणाले, "तो ध्रुव. दोघांनी बघा आणि दिसला म्हणा." तिथे एक ट्यूबलाइट होती, तीही बंद. पंगत खोळंबली होती. आम्ही एका सुरात "दिसला" म्हणून मोकळे झालो. संसाराची सुरुवात अशी जोडीनं खोटं बोलून झाली.

तीस वर्षांनी मी वाचनालयातल्या आकाशओळखीच्या वर्गाला जाऊ लागले. "या वयात तारे शिकून काय करणार?" असं हे विचारतात. पहिलाच गृहपाठ होता, ध्रुव शोधा. काल अंधार पडल्यावर यांना ओढतच गच्चीवर नेलं. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून मनात रेघ ओढत नजर खाली आणली आणि एका ताऱ्यावर बोट रोखलं.

"हा? एवढासा?" हे म्हणाले.

खरं तर मीही जरा हिरमुसले. पण वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, ध्रुव दिवसाही तिथेच असतो, उजेडात दिसत नाही एवढंच. म्हणजे त्या दुपारीही तो होता! गुरुजींचं बोट बरोबर होतं. मध्ये एक भिंत होती आणि लख्ख ऊन होतं. काही गोष्टींना माणूस आधी हो म्हणून बसतो, त्या दिसतात मात्र सावकाश.

हे कठड्याला टेकून बराच वेळ उत्तरेकडे बघत होते.

"दिसला," हे हळूच म्हणाले. या वेळी कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं.