जळणारं कापड

सोफ्याचं कापड बदलायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. आग लागू नये म्हणून ज्याला रसायन चोपडतात, तसलं कापड नको. आमची लेक नुकती रांगायला लागली होती आणि दिवसभर सोफ्याची कड चाटत बसायची.

वाशिमच्या बाजारात ही अट समजावून सांगणं म्हणजे नुसती डोकेफोड. पहिल्याच दुकानदाराने कापडाचा धागा ओढून त्याला काडी लावली आणि ऐटीत म्हणाला, "पाहा ताई, जळतच नाही."

"तेच नको," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजे तुमाले जळनारं कापड पाह्यजे?"

हो बाबा, जळणारंच दे. पुढच्या प्रत्येक दुकानात हेच बोलणं आणि हेच हसू. शेवटी एका ठिकाणी जाड सुती कापडाचा धागा भक्कन पेटून राख झाला, तेव्हा मला आनंदाने रडू यायचंच बाकी होतं.

सोफा नवं कापड लावून आला. मी लेकीला घेऊन चार दिवस माहेरी अनसिंगला गेले. परत येऊन पाहते तर सोफ्यावर चकचकीत मखमली कव्हर ताणून बसवलेलं. सासूबाईंनी पोहरादेवीच्या यात्रेतून आणलं होतं.

"नवं कापड मळते ना बापा," त्या म्हणाल्या. "अन् तू महिनाभर आग-आग करून राह्यली होती. याले आग लागतच नाही म्हने."

मी लेकीच्या तोंडातून कव्हरचं टोक काढलं आणि त्यावरच मटकन बसले.