हुकूम आम्हालाही होता

शाल खांद्यावर पडली आणि लगेच उचलली गेली.

प्रेमनगरात आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. युद्धावर जाऊन आलेल्यांचा सत्कार. बबिन्याच्या छावणीतून आलेले तीन फौजी आणि शेवटी मी. माझं नाव आईनंच दिलं होतं. सचिवांनी शाल घातली, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. त्यांनी माइकवर हात ठेवला. ठेवून काय उपयोग, पुढच्या तीन रांगांनी ऐकलं.

"भैया, तू नेव्हीत नव्हतास ना? व्यापारी जहाजावर होतास?"

"हो, तेलाच्या जहाजावर. पण नौदलाच्या..."

"मग उतर बाबा. हा फौजींचा सत्कार आहे."

शाल काढून घेतली. नीट घडीसुद्धा घातली. कुणीतरी हसलं. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. मी खाली उतरलो. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि वाटली कुणाला!

आता ऐका. युद्ध लागलं तसं आमचं जहाज नौदलाच्या कामाला लावलं. एक अधिकारी चढला, म्हणाला, "आज से आप हमारे हुक्म पर चलेंगे." चाललो. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल पाजायचं, हे आमचं काम. दिवे बंद, घरी फोन बंद. बंदूक एकही नाही, पोटात नुसतं तेल.

एका सकाळी ड्रोन येऊन आदळलं. खाली पंपरूममध्ये कदम होता, गुहागरचा, माझ्याच वयाचा. तो आतून ओरडला, "पंप बंद कर!" मी वरून केला. म्हणून बाकीचे वाचलो. मग दाराकडे धावलो. ते इतकं तापलं होतं की मला उघडता आलं नाही. माझे हात भाजले, बस्स. कदम आतच राहिला.

त्याच्या आईला कागद आला. 'कामावर असताना अपघात.' अपघात! जिना उतरताना पाय घसरावा तसा.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सचिव घरी आले. माणूस वाईट नाही. चहा घेतला, चिवडा खाल्ला.

"मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले. "रविवारी मांडववाला, आचारी, लाइटवाला, सगळ्यांचे आभार मानतोय. विशेष सहकार्य म्हणून. त्यात तुझंही नाव घेऊ. शालही देऊ."

"घे रे," आई म्हणाली. "घरी येऊन बोलावतायत."

तिचं तरी काय चुकलं? तिला दतिया गेटच्या बाजारात भाजीला जायची चोरी झाली होती. मी हो म्हणणार होतो. खरंच, अगदी जिभेवर आलं होतं. मग वाटलं, मी सहकार्य केलं, तर कदमनं काय केलं? तोही सहकार्य करता करता जळला?

"मी येणार नाही," म्हणालो.

"अरे, एवढा ताठा?"

"ताठा नाही, काका. हुकूम आम्हालाही होता. कदम युद्धात मेला. माइकवर तसं सांगणार असाल, त्या दिवशी बोलवा."

ते गेले. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मंडळाची पत्रिका आता आमच्याकडे येत नाही. आम्हाला हुकूम देणारा साहेब माझा फोन उचलत नाही. माझ्या हातात काही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण कदमच्या आईनं त्या कागदाविरुद्ध अर्ज केलाय. साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. बोलावतील तिथं जाईन. नाही बोलावलं तर तो कागद काढणाऱ्यांच्या दारात जाऊन बसेन. हाकलतील. परत जाईन. कदमला मारलंय आणि आम्ही तिथं हुकमानं होतो, एवढं त्यांच्याच हातानं लिहून घेणार. त्याशिवाय हटणार नाही.