डॉक्टरांची मोटार पुरी होईना

फेब्रुवारी २०२३. थंडी सरली होती आणि हिंगोलीभर हळद शिजल्याचा वास होता. त्या दिवसांत आमच्या घरालगतच्या वर्कशॉपात एक मोटार आली आणि तिच्यामागोमाग किस्से येऊ लागले. असल्या गोष्टी न बोलावता गोळा होतात. एक सांगायला बसावे, तर तिसराच आधी तोंडाशी येतो. मी जुनी मॅट्रिक. क्रम सोडून सांगणे मला जमत नाही, म्हणून क्रमानेच लिहिते.

मोटार परभणीच्या एका निवृत्त डॉक्टरांची. विलायती, दोन आसनांची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. पण ट्रकमधून उतरली तेव्हा निम्मी गंजलेली. माझा मुलगा विनायक जुन्या मोटारी नव्याने उभ्या करतो, म्हणून डॉक्टर मुद्दाम आले होते.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला दसऱ्यापर्यंतच गाडी चालवायची परवानगी दिली आहे," ते म्हणाले. "त्यानंतर तुम्ही ती कितीही देखणी केलीत, तरी मी ती नुसती हाताने चाचपणार!"

विनायकने दसऱ्याचा शब्द दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी स्वस्थ बसले नाही.

*

सलीमभाई आमचे पत्र्याचे मिस्त्री. पत्रा ठोकताना ते डोळे मिटतात आणि आवाजावरून सपाटी ओळखतात. त्यांनी एक दार घडवले, त्याच्या मापाने दुसरे घडवले. दोन्ही इतकी सारखी, की मीसुद्धा दोष काढू शकले नाही. उजवे दार बसले. डावे काही केल्या बसेना!

विनायकने सांगाडा मोजला. मूळ कारखान्यात ही मोटार हाताने घडवलेली. तिच्या दोन बाजूंत अर्ध्या बोटाचा फरक होता.

सलीमभाई संतापले. "तिथल्या मिस्त्रीनं चूक करून ठेवली, अम्मा. मी तर बराबर केलं!"

"मग आता?"

"आता काय? त्याची चूक शिकावी लागंल."

बरोबर दार करायला सहा दिवस लागले होते. चुकीचे करायला अकरा लागले.

*

रंग पांढरा ठरला होता. पहिला हात दिला, दारे-खिडक्या बंद केल्या, फटींना ओली फडकी लावली. तेवढ्यात शेजारच्या आडत्याने हळद पॉलिश करण्याचा ड्रम सुरू केला. तासाभराने पाहतो, तर बॉनेटवर पिवळी साय!

विनायक डोक्याला हात लावून बसला. सलीमभाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "विनूभाऊ, हळद तर लागली. आता लगीन लावून टाका!"

सगळा रंग खरवडला. पुढचा हात पोळ्याच्या दिवशी दिला. त्या दिवशी ड्रमही बंद असतो.

*

विलायतेच्या थंडीसाठी घडवलेले इंजिन आमच्या उन्हात तापणारच. म्हणून विनायकने आत नवा पंखा असा बसवला, की बाहेरून कोणाला दिसू नये. इंजिन उत्तम चालले. सलीमभाईंनी मात्र बोट वर केले.

"थांबा. टिक-टिक येऊन राहिलंय."

इंजिन उघडले. पुन्हा जोडले. टिक-टिक कायम. पुन्हा उघडले. सलीमभाईंनी माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सरही बंद करवला. तिसऱ्या दिवशी विनायक हताश होऊन म्हणाला, "आता तर इंजिन बंद आहे, तरी आवाज येतोय!"

मी चष्मा लावून आत वाकले. डॅशबोर्डच्या फळीवर मोटारीचे जुने घड्याळ होते. विनायकनेच ते आठवड्यापूर्वी दुरुस्त केले होते.

*

आसनांचे चामडे शिवायला शिरड शहापूरचे एक बुजुर्ग कारागीर आले. काम सुबक होते. मी पट्टी घेऊन बसले. एका इंचात सात टाके होते, पुढच्या इंचात आठ. मी उसवायला सांगितले.

"माय, एकदा माणूस बसल्यावर खालचे टाके कोन मोजायलंय?"

"मी."

त्यांनी निमूटपणे उसवले. जाताना विनायकला एवढेच म्हणाले, "तुमी काहून असे, ते आता कळलं."

*

दसरा आठ दिवसांवर आला. मोटार केव्हाच तयार होती. पण विनायक आणि सलीमभाई, दोघांपैकी एकाला रोज काहीतरी दिसे. "फक्त एक वॉशर." "फक्त एकदा पॉलिश." डॉक्टरांचा फोन येई आणि विनायक म्हणे, "उद्या!" मला रात्री झोप लागेना.

अखेर मी निकाल लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पहाटेच सगळी हत्यारे गोळा करून पाटावर मांडली. पाने, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर, एकही बाहेर ठेवले नाही. हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली, विड्यावर रुपया ठेवला. पूजेत गेलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे कोणी हात लावत नाही. सलीमभाई तर हा नियम आमच्याहून कडक पाळतात. मग डॉक्टरांना मीच फोन केला, "आजच या."

ते आले. आसनावर बसले. स्टिअरिंगच्या चाकावरून हात फिरवला.

एवढ्यात सलीमभाईंची नजर समोरच्या काचेच्या चौकटीवर खिळली. चौकटीला बारा स्क्रू. अकरांच्या खाचा सरळ उभ्या होत्या. एक तिरपी.

"अम्मा, एकच. निस्ता पाव फेरा."

"पूजा झाली आहे."

"आई, अगं, पाव फेरा!" विनायक कळवळला.

"पूजा झाली आहे, विनायक."

डॉक्टर हसले. "मला तर तो स्क्रूच दिसत नाही. निघू का?" त्यांनी इंजिन सुरू केले.

"थांबा," मी म्हणाले.

पाटावरच्या विड्यावरचा रुपया उचलला, त्याची कड त्या खाचेत घातली आणि ती सरळ उभी केली.

"आता निघा."