रुमालाखालून बोलणारा फॉर्म

देवपुरात माझ्या शेजारी वेबसाइट बनवणारा एक जण राहतो. ऑनलाइन फॉर्म तयार झाला, की हा स्क्रीनवर मोठा रुमाल टाकतो आणि कॉम्प्युटर तो वाचत असताना नुसता ऐकत बसतो. शिंदखेड्याची त्याची अक्का अंध आहे. ती फॉर्म असेच ऐकून भरते.

परवा त्याने केलेला फॉर्म पाहून एका कॉलेजचे सर तणतणत आले. "जागोजागी 'आवश्यक' काय लिहिलंय? सक्तीचे रकाने लाल करा, पुरे."

त्याने ते शब्द काढले, रकाने लाल केले, वर रुमाल टाकला. "हाई ल्या, सर. आता भरा."

"नाव. पत्ता. मोबाइल. छंद," कॉम्प्युटर बोलत गेला. लाल रंगाबद्दल अवाक्षर नाही. सरांनी हळूच रुमालाचं टोक उचललं.

"आमच्या अक्काला ते उचलता येत नाही, सर," तो म्हणाला.