साहेबांच्या तंबूची पूजा

ह्यांच्या साहेबांचा तंबू मी जाळला, तो केवळ सगळे सुखरूप राहावेत म्हणून.

तेव्हा आम्ही जयपूरला मालवीय नगरात भाड्याने राहत होतो. हे विम्याच्या कचेरीत कारकून. बदली होऊन पाच वर्षं झाली होती, पण मी इतकी बुजरी की कचेरीतल्या कुणाच्या घरी गेले नव्हते आणि कुणाला घरी बोलावलंही नव्हतं. अशात कचेरीवाल्यांनी ठरवलं, शनिवारी बायकामुलांसकट शहराबाहेर तलावाकाठी तंबू ठोकून राहायचं. आमच्याकडे कुठला तंबू! साहेबांकडे दोन होते, त्यातला कोरा करकरीत त्यांनी आम्हाला दिला. आमची मंजू सहावीत. तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, वर्गाच्या बाईंनासुद्धा. आता माघार नाही!

ह्यांचा स्वभावच विम्याचा (जगात जे जे वाईट घडू शकतं, ते ह्यांना पाठ). ह्यांनी काळजीची एक यादी केली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचत गेले. टॉर्च. दोरी. साप चावल्यास काय करावे. विंचू चावल्यास काय करावे. (इथेच मला घाम फुटला.) शेवटी, तंबूजवळ आग नेऊ नये.

"कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आणि खरंच कळलं होतं हो!

शुक्रवारी सकाळी ह्यांनी गच्चीवर तंबू उभा करून पाहिला. गच्चीत खुंट्या जाईनात, म्हणून चारी कोपऱ्यांना विटा बांधल्या. मग हे कचेरीत गेले, मंजू शाळेत. मी एकटी त्या निळ्या तंबूसमोर, आणि डोक्यात साप नि विंचू. आमच्या साताऱ्याकडे नवीन वस्तूची पूजा होते. सायकलची होते, मिक्सरची होते, मग ज्याच्यात माझी माणसं झोपणार त्याची नको? हळदकुंकू वाहिलं, दारावर स्वस्तिक काढलं (तंबू आपला नाही, हे कुंकवाचं बोट टेकल्यावर आठवलं!), नारळ फोडला आणि आत एका केळ्यात दोन उदबत्त्या खोचल्या. आता उदबत्ती म्हणजे आग, हे कुणाच्या डोक्यात येईल? आग म्हणजे चूल, आग म्हणजे शेकोटी. उदबत्ती म्हणजे देव!

खाली कुकरची शिट्टी झाली म्हणून गेले. परत आले तर वाऱ्याने केळं आडवं पडलेलं, आणि तंबूच्या मागच्या बाजूला ताटाएवढं भोक. त्यातून शेजाऱ्यांची वाळत घातलेली बनियनं स्वच्छ दिसत होती.

मी बादलीभर पाणी ओतलं. भोकाच्या कडा आकसून वाकड्या झाल्या होत्या, त्या सरळ कराव्यात म्हणून इस्त्री आणली. इस्त्री टेकवली मात्र, ती कापडाला चिकटली! ओढली, तर कापड घेऊनच आली. ताटाची परात झाली. शेवटी ट्रंकेतला हिरवा खण काढला आणि रडत रडत ठिगळ लावलं. निळा तंबू, हिरवं ठिगळ, लाल काठ. लपवायला गेले ते चार गल्ल्यांवरून दिसू लागलं.

मंजू शाळेतून थेट गच्चीवर आली.

"आई! हे काय केलंस? मतलब, आता आपण जायचंच नाही?"

ती दप्तरासकट तंबूत जाऊन बसली आणि मुसमुसायला लागली. ओरडली असती तर परवडलं असतं. मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. साहेबांच्या घरी फोन लावला. हिंदीतली चार वाक्यं पाठ केली होती. बाईसाहेबांनी फोन उचलला.

"भाभीजी, आपका तंबू जल गया."

"हाय राम! और बच्ची?"

"तंबू में बैठी है," मी खरं तेच सांगितलं. "रो रही है."

पुढची वाक्यं पार विसरले आणि लाजून फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासात दारात जीप आणि चार स्कूटर! साहेब, बाईसाहेब, पांढरेफटक पडलेले हे आणि मागे निम्मी कचेरी. कुणाच्या हातात मलम, कुणाच्या हातात घोंगडी. पाच वर्षांत पहिल्यांदा माणसं माझ्या घरी आली, आणि मी पाण्याच्या टाकीमागे! मंजू तंबूत बसून प्रसादाचं खोबरं खात होती.

"अगं, जिवंत आहात ना?" हे ओरडले.

"आम्ही आहोत," मी टाकीमागून म्हणाले.

साहेबांनी स्वस्तिक पाहिलं, ठिगळ पाहिलं, अर्धी जळालेली उदबत्ती उचलली.

"भाभीजी, ये किसलिए?"

"तंबू को कुछ ना हो, इसलिए."

साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "कल सुबह सात बजे. आप सब आ रहे हैं. यही तंबू लेकर!"

आणि आम्ही गेलो. तंबू कुठे लावायचा ते साहेबांनी स्वतः ठरवलं. बाकीच्यांचे सगळे एका ओळीत, आमचा मात्र लांब, अगदी पाण्याच्या काठाला, आणि दारात भरलेल्या दोन बादल्या.

"आई, सगळ्यात भारी जागा आपल्याला दिली!" मंजू आनंदाने नाचत होती. "साहेब आपल्याला किती मान देतात ना!"

मी मान खाली घातली. पोरीला वाटलं, आई लाजली.