घाटंजीच्या पाचव्या वर्गातल्या मुली

साठ सालच्या हिवाळ्यात मी यवतमाळहून घाटंजीला गेले, ती भाऊजींच्या निरोपावरून. ताईचे यजमान तिथल्या सरकारी शाळेत हेडमास्तर होते आणि मी नुकतीच शिक्षिका झाले होते. चौथी झाली की मुली शाळा सोडत. पाचव्या वर्गात एकही उरली नव्हती. "सुटीत ये, घरोघर जाऊन बघू," असा निरोप.

आता रस्ता डांबरी आहे. तेव्हा एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलात तर सगळी धूळ तुमचीच. कंडक्टर नव्या पैशांत भाडं सांगत होता आणि एक आजोबा चिडून म्हणत होते, "मले आण्यात सांग ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कापूस वेचणीचे दिवस, निम्म्या घरांना कुलपं. बौद्ध वस्तीत सखुबाई भेटल्या. त्यांची शांता चौथी पास होऊन आता आईबरोबर वेचणीला जायची. सखुबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या आणि सरळ विचारलं, "शाळेत समदे मास्तर. पोरगी मोठी होऊन राह्यली. कोनाच्या भरवशावर धाडू?"

"मी आहे ना," भाऊजी म्हणाले.

"तुमी हाय गुरुजी, पन तुमी बाई नाही ना! ह्या बाई राह्यतीन काय?"

मी म्हटलं, "मी दोन दिवसांसाठीच आलेय."

"मंग कायले सांगाले आल्या?"

रागावून नव्हे, साधंच विचारलं त्यांनी.  मी हातातली शेंग खाली ठेवली.

घरी येऊन मी बदलीचा अर्ज केला. बाबा वैतागले, "लोक यवतमाळ मागतात आणि तू घाटंजी?" आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

जूनमध्ये माझी बदली झाली आणि शांता माझ्या वर्गात आली, शेजारच्या कमल आणि वच्छलाही आल्या. वर्षअखेर शांता गणितात नापास झाली. सखुबाई शाळेत आल्या तेव्हा मला वाटलं, आता मुलीला घरी नेणार. त्या म्हणाल्या, "बसू द्या तिले त्याच वर्गात. कापूस वेचाले मी हाव."

काही वर्षांनी मी यवतमाळला परतले. तोवर शांता सातवी होऊन मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेली होती. कमल आणि वच्छलाची लग्नं मात्र सहावीतच लागली. भाऊजी भेटले की शांताचं कौतुक करतात, मीही ऐकते. त्या दोघींबद्दल कुणी विचारत नाही.