काचेवरचं सारवण

कॅल्क्युलेटरवर काळे आकडे कसे उमटतात, सांगता येईल तुम्हाला? नाही ना. मलाही येत नव्हतं. मीना गावितने शिकवलं.

मीना सुरगाण्याची. १९९८ साली नाशिकला एम.एस्सी. करत होती. मी विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता; तिच्या वसतिगृहाच्या जागेसाठी भांडलो होतो तो मीच. तिचा प्रयोग द्रव स्फटिकांचा. दोन काचांमध्ये केसाहून पातळ थर, त्यातले रेणू सुंभाला पीळ असावा तसे वळत गेलेले. वीज दिली की पीळ सुटतो, उजेड अडतो आणि तेवढाच भाग काळा दिसतो. त्याआधी काचेला लेप देऊन तो मखमलीने एकाच दिशेने घासायचा. रेणू त्या रेघा धरून बसतात.

मीनाने घासलं ते अर्धगोलात. शेणाने जमीन सारवताना हात फिरतो ना, तसं.

"सारवतेस काय?" तिचे मार्गदर्शक दुसाने सर कडाडले. "महागाचं रसायन वाया घालवलंस. प्रयोग दुसऱ्याला देतो. तू ग्रंथालयात बसून निबंध लिही."

वसतिगृहाच्या पाण्याची तक्रार घेऊन मी दारातच उभा होतो. टाळकं सरकलं. "डोंगरातली पोरगी दिसली की लगेच..."

"दादा, तू गप रे जरा," मीना म्हणाली. "चूक माझीच हाय. सर, टाकून द्यायच्या आधी एकदा सूक्ष्मदर्शकात बघू द्या ना."

"बघ बाई. नाहीतर हा मोर्चा आणायचा."

तिने वीज दिली. मधले रेणू सरळ उभे झाले, चित्र काळवंडलं. पण काचेलगतचे हलेनात. अर्धगोल फिकट दिसतच राहिले. वीज बंद केली, तर पीळ परत भरत आला तो काचेकडूनच, त्याच वळणांनी.

सरांनी डोळा लावला तो काढेचनात. "पृष्ठभागाची पकड म्हणतात ती हीच. आता मुद्दाम एक काच सरळ घास, एक अशी. दोन्हींना किती वीज लागते ते मोज."

"म्हणजे प्रयोग माझाच?"

"मग काय ह्याचा?" सरांनी माझ्याकडे बोट केलं.

हसलो. पण पाण्याचं मिटवल्याशिवाय हललो नाही तिथून.

आज मीना नाशिक जिल्ह्यातल्या पेठला अकरावी-बारावीला शिकवते. बंद कॅल्क्युलेटर उघडून त्याचा पडदा पोरांच्या हातात देते, तारा लावून आकडे उमटवायला सांगते. पोरं जास्त, पडदे कमी. म्हणून सांगतो, तुमच्या घरातला बंद कॅल्क्युलेटर भंगारात घालू नका. पेठच्या एसटीत कंडक्टरकडे द्या, वर 'गावित मॅडम' लिहा.